बेकारीच्या आकड्यात न दिसणारे बेकार

देशात बेकारी कमी झाल्याची बातमी वृत्तपत्रात येते. सरकारी पाहणीनुसार १५ वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली ६ टक्के होते, ते २०२३-२४ साली ३.२ टक्क्यांवर आले. आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कापडाचा व्यापार करणारे. इकडे शिलाई कारागिरांची उधारी वाढत असते आणि तिकडे हा आकडा उतरतो. मग आकडाच खोटा, असे दुकानात बोलले जाते. आकडा खोटा नाही. तो नेमके काय मोजतो, ते व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

ही श्रमबळ पाहणी २०१७ पासून केंद्राचे सांख्यिकी खाते घरोघरी जाऊन करते. वर्षाच्या हिशोबात ज्याने जोडकाम म्हणून ३० दिवस जरी काम केले, तो रोजगारात धरला जातो. आठवड्याच्या हिशोबात मागच्या सात दिवसांत एक तास काम केले, तरी तो बेकार नाही. एक तासाचा हा नियम आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचाही आहे, म्हणून सरकारने लपवाछपवी केली असे म्हणता येत नाही. पण पीसवर काम करणारा कारागीर आठवड्यातले दोन दिवस मशीनवर बसला आणि पाच दिवस माल येण्याची वाट पाहत राहिला, तरी सरकारच्या वहीत तो कामावरच आहे. मोठी गिरणी बंद पडली की हजारो माणसे एकदम बेकार दिसतात. आपल्या धंद्यात बेकारी दिवसादिवसाने येते.

उल्हासनगरच्या जीन्स धंद्याचे उदाहरण घ्या. कटिंग, शिलाई, धुलाई, काजे-बटण, धागे कापणे, इस्त्री, पॅकिंग अशी ही साखळी आहे. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली या भागातील संस्थांवर मोठा दंड बसवला, आणि २०१८ साली कॅम्प ५ मधील जीन्स धुलाईच्या कारखान्यांचे वीज-पाणी तोडले गेले. नदी वाचली पाहिजे यात वाद नाही. परंतु धुलाई थांबली की शिवलेला माल पडून राहतो, आणि शिलाईवाल्याला पुढची कटिंग मिळत नाही. घरी बसून धागे कापणाऱ्या बायकांचे काम तर आधी जाते. त्या दुसरे काम शोधायला बाहेर पडत नाहीत, म्हणून पाहणीत त्या बेकार न धरता 'श्रमबळाबाहेर' लिहिल्या जातात. उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा कारागीर गावी निघून गेला, तर इथल्या मोजणीतूनच तो निघून जातो.

बदलापूरजवळ खरवईच्या औद्योगिक वसाहतीची अडचण आणखी वेगळी. पाहणीत माणूस राहतो तिथे मोजला जातो. खरवईच्या रासायनिक कारखान्यातला कामगार नेरळला राहत असेल, तर त्याची बेकारी रायगड जिल्ह्यात लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेत आपल्या तिन्ही शहरांची लोकसंख्या मिळून सुमारे ९ लाख ३० हजार होती, तरी या शहरांचा वेगळा आकडा पाहणीतून निघत नाही.

लॉकडाऊनच्या काळात, एप्रिल ते जून २०२० मध्ये, शहरी बेकारी सुमारे २१ टक्के नोंदली गेली होती. तेव्हा एक तासही काम नव्हते, म्हणून ती दिसली.

ही मोजणी बदलणे आपल्या हाती नाही, नोंदणी मात्र आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा लागू होतो. २०१८ साली या विम्यात बेकारी भत्त्याची योजना आली, आणि २०२० साली तो भत्ता पगाराच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आला, जास्तीत जास्त ९० दिवस. पण विम्यात नाव नसेल तर हा भत्ता नाही. दहाचा आकडा टाळण्यासाठी एकच कारखाना दोन-तीन नावांवर दाखवायची आपल्यातल्या काही जणांची सवय आहे. मालकाचे त्यात थोडे वाचते, कारागिराचे सगळे जाते. काम थांबले की असा कारागीर आधी किराणावाल्याकडे आणि आमच्याकडे उधार मागतो, मग गाव गाठतो, आणि उधारी आमच्या वहीत राहते.