एकदा लिहावे, सर्वांनी वाचावे

स्नेहसंमेलनाच्या तयारीत आम्हां विद्यार्थ्यांची एकदा चांगलीच फजिती झाली. वर्गणी गोळा करणाऱ्यांनी एक यादी केली, अल्पोपाहाराची व्यवस्था पाहणाऱ्यांनी दुसरी आणि आसनव्यवस्थेच्या प्रमुखांनी तिसरी. तिन्ही याद्या आपापल्या परीने काळजीपूर्वकच लिहिल्या होत्या. परंतु आयत्या वेळी ठरलेल्या पाहुण्यांची नावे एका यादीत चढली आणि दुसरीत राहून गेली. पाहुण्यांना खुर्च्या मिळाल्या, पण बटाटेवडे मिळाले नाहीत! यात कोणाचाही आळस नव्हता. एकच गोष्ट तीन ठिकाणी निरनिराळी लिहिली गेली, एवढाच काय तो दोष.

जी गोष्ट आमच्या लहानशा समारंभाची, तीच मोठमोठ्या कारखान्यांची व व्यापारी पेढ्यांची. गिऱ्हाइकाची मागणी येते, ती विक्रीखाते आपल्या वहीत टिपते. तिची नक्कल कोठारात जाते, कोठारातून चिठ्ठी हिशेबखात्याकडे जाते. प्रत्येक नकलेस वेळ लागतो आणि प्रत्येक नकलेत चूक शिरण्यास वाव असतो. पुढे तीन वह्यांत तीन आकडे दिसू लागले, म्हणजे खरा कोणता हे मालकासही सांगता येत नाही. यावर उपाय एकच : माहिती एकदाच नोंदावी आणि तीच सर्व खात्यांनी वापरावी. यालाच माहितीव्यवस्थेचे एकीकरण म्हणतात.

या विचाराचा फार जुना आणि मनोरंजक प्रयोग लंडनमध्ये झाला, आणि तो कोणा शास्त्रीय संस्थेने नव्हे, तर चहा आणि केक विकणाऱ्या कंपनीने केला, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. जे. लायन्स आणि कंपनीची चहागृहे इंग्लंडमध्ये घरोघरी ठाऊक होती. रोज हजारो लहान लहान पदार्थ भट्टीतून निघून दुकानोदुकानी जात. नफा पैशापैशाचा, आणि कागद मात्र ढिगांनी! केंब्रिज विद्यापीठात गणित शिकलेले जॉन सिमन्स हे कंपनीच्या कचेरीची व्यवस्था पाहत. संगणकयंत्रे केवळ गणितज्ञांसाठी नसून कारकुनी कामासही उपयोगी पडतील, हे त्यांच्या कचेरीने ओळखले. १९४७ साली कंपनीने केंब्रिज विद्यापीठात चाललेल्या संगणकाच्या कामास ३,००० पौंडांचे साहाय्य दिले आणि पुढे त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र उभारले. त्याचे नाव ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाची किंमत काढण्याचे नित्याचे काम त्यावर सुरू झाले. व्यापारातील नेहमीचे काम करणारा हा जगातील पहिला संगणक मानला जातो. पुढे पगारपत्रकेही त्यावर होऊ लागली. अनुभवी कारकुनास एका माणसाचा पगार काढण्यास सुमारे ८ मिनिटे लागत. लिओ ते काम दीड सेकंदात करी.

परंतु खरी शोभा १९५४ साली सुरू झालेल्या चहागृहांच्या कामात दिसली. प्रत्येक चहागृहाच्या व्यवस्थापिकेने आपली नेहमीची मागणी ठरवून दिलेली असे. ती रोज पुन्हा लिहिण्याची गरज नव्हती. फक्त फेरबदल असेल तेवढा कळवावयाचा. कचेरीतील मुली ठरलेल्या वेळी दूरध्वनी करीत आणि ऐकता ऐकताच तो बदल कार्डावर छिद्रे पाडून नोंदवीत. एवढ्या एका नोंदीवरून लिओ भटारखान्यास किती पदार्थ करावयाचे ते सांगे, माल बांधणाऱ्यांस प्रत्येक दुकानाची यादी छापून देई, हिशेबखात्यास रक्कम देई आणि व्यवस्थापकांस कोणत्या दुकानी काय खपते याचे आकडे पुरवी. नोंद एक, वाचणारी खाती अनेक!

हीच कल्पना पुढे जगभर पसरली. १९७२ साली आयबीएम कंपनी सोडलेल्या पाच जणांनी पश्चिम जर्मनीत ‘सॅप’ ही संस्था काढली. कारखान्याच्या सर्व खात्यांसाठी एकच सामाईक व्यवस्था तयार करणे, हा तिचा उद्देश होता. आज असंख्य उद्योग अशा व्यवस्थांवर चालतात.

मात्र यंत्र आणले की एकी आपोआप होते, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील ‘हर्शी’ या चॉकलेटच्या प्रसिद्ध कंपनीने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून नवी सामाईक व्यवस्था बसविली. चार वर्षांचे म्हणून योजिलेले काम अडीच वर्षांत उरकण्याचे ठरले आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर, ती सुरू झाली. परिणाम असा की, सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. मिठाई होती, घेणारे होते; दोहोंची गाठ घालून देणारी नोंद मात्र अडली.

याचे कारण उघड आहे. वह्या निरनिराळ्या असतात तेव्हा एकाची चूक त्याच्यापाशीच राहते. वही एक झाली की एकाची चूक सर्वांची होते. म्हणून यंत्रापूर्वी माणसांनी एकत्र बसावे लागते. ‘शिल्लक’ या शब्दाने कोठारवाला काय समजतो आणि हिशेबनीस काय समजतो, हे आधी ठरवावे लागते. माझी वही माझ्यापाशीच राहील, हा हट्ट सोडावा लागतो. आणि जो नोंद करतो, त्याने ती परक्याच्या कामाचा आधार आहे हे जाणून करावी लागते. लायन्स कंपनीने हेच केले होते. यंत्र येण्यापूर्वी कित्येक वर्षे तिच्या कचेरीत कोणता कागद कोठून कोठे व कशासाठी जातो, याचा अभ्यास चालू होता.

पुढील स्नेहसंमेलनासाठी आम्ही एकच वही केली. ती कार्यालयाच्या टेबलावर ठेवली आणि नाव लिहावयाचे ते त्याच वहीत, असा नियम घातला. तिच्यात संगणक नव्हता. एक पेन्सिल दोरीने बांधलेली होती. पण त्या वर्षी बटाटेवडे सर्वांना पुरले.