तंत्रात पोर्श, भावात फेरारी

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रस्त्यावर धावणारी सर्वांत वेगवान गाडी कोणती, या प्रश्नाला दोन उत्तरे होती. जर्मनीची पोर्श ९५९ आणि इटलीची फेरारी एफ ४०. पहिलीचा कमाल वेग ताशी ३१७ किलोमीटर, दुसरीचा ३२४. आकडे जवळजवळ सारखे. तिथवर पोचण्याच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या.

दोन्ही इंजिने तीन लिटरच्या आतली. ताकद येते ती टर्बोचार्जरमुळे. बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरते आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते. अडचण अशी, की इंजिन मंद फिरत असताना वायूचा जोर अपुरा पडतो आणि ॲक्सिलरेटर दाबूनही क्षणभर काहीच घडत नाही. एफ ४० मध्ये दोन्ही टर्बो एकाच वेळी काम करतात. त्यामुळे हा क्षण चांगलाच जाणवतो आणि मग ४७८ अश्वशक्ती एकदम पाठीत धक्का देते. पोर्शने कमी फेऱ्यांना सगळा वायू एकाच टर्बोकडे वळवला. दुसरा मागाहून सामील होतो. अश्वशक्ती ४५०, पण सलग वाढत जाणारी.

शिवाय ९५९ मध्ये ही ताकद चारही चाकांत गरजेप्रमाणे वाटली जाते. म्हणूनच सुमारे १४५० किलो वजन असूनही ती शून्यावरून शंभरचा वेग ३.७ सेकंदांत गाठते. एफ ४० ला चार सेकंदांहून थोडे अधिक लागतात. जागेवरून सुटताना नुसते घोडे मोजून भागत नाही, टायरची पकड लागते. एफ ४० चा भर हलकेपणावर. इंधन-तेल वगळता वजन सुमारे ११०० किलो. एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, दार आतून उघडायला हँडलऐवजी चक्क दोरी!

रस्त्यासाठीच्या ९५९ तीनशेहून कमी बनल्या, एफ ४० तेराशेच्या वर. दुर्मीळ ते महाग, हा हिशेब इथे चुकतो. अलीकडच्या लिलावांत एफ ४० वीस लाख डॉलरच्या पुढे जातात. साधी ९५९ बहुधा त्याखालीच राहते. एन्झो फेरारी यांच्या हयातीत मंजूर झालेली ही शेवटची गाडी. ते १९८८ मध्ये गेले. ९५९ ला अमेरिकेत सुरक्षा नियमांमुळे प्रवेशच नव्हता. बिल गेट्स यांची गाडी कित्येक वर्षे तिथल्या कस्टम्सकडे अडकून पडली होती. आणि तिची नवलाई आता घरोघरी पोचली आहे. टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आज मध्यम किमतीच्या गाडीतही असते.

देखभालीचा खर्च दोन्हींचा जबर. ९५९ मधले उंची बदलणारे हायड्रॉलिक सस्पेन्शन दुरुस्त करणे सोपे नाही. एफ ४० च्या इंधनटाक्या रबरी पिशव्यांच्या असतात; गाडी नुसती उभी असली तरी त्या ठरावीक वर्षांनी बदलाव्या लागतात. जाणकार ग्राहक त्यामुळे किती किलोमीटर चालली, याआधी टाक्या कधी बदलल्या ते विचारतो.