अमृता नावाची वेल

पोरांनो, बांधावरच्या त्या कडुनिंबाकडे नीट बघा. खोडाला विळखा घालून वर गेलेली ती गुळवेल. भीमाशंकरला ढग रिते होतात आणि आपल्या लोणीपर्यंत येईतो आभाळ कोरडं पडतं. तरी ही वेल तग धरते. उन्हाळ्यात पानं गाळते आणि जाड खोडात साठवलेल्या पाण्यावर, पिठूळ सत्त्वावर दिवस काढते.

आता खरी नवलाई ऐका. कुणी तिला बुडाशी तोडलं, तर वरचा भाग लगेच मरत नाही. फांदीवरून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली सोडते. रोज थोडी थोडी लांबत ती जमिनीला टेकली, की वेल पुन्हा पाणी पिऊ लागते! आयुर्वेदानं तिला अमृता म्हटलं, ते उगाच नाही.

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले कोरोनाचे रुग्ण सापडले आणि घरोघरी काढे उकळू लागले. भेदरलेल्या माणसाला हाताशी काहीतरी हवं असतं. त्यात चूक नव्हती. पण गुळवेलीनं हा विषाणू मरतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्याला तोंड द्यायला शरीराला शिकवलं ते लशीनं, आणि आपल्याकडची बरीचशी लस पुण्याजवळच्या मांजरीत तयार झाली.

कडवटपणा वेलीनं आपल्यासाठी केलेला नाही रे. किडीनं, जनावरानं खाऊ नये म्हणून झाडं अशी द्रव्यं बनवतात. म्हणून मात्रा महत्त्वाची. २०२० च्या अखेरीस मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, ती तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असावी. मला विचाराल तर दोन्हींतून एकच निघतं: ओळख पटल्याशिवाय आणि वैद्याला विचारल्याशिवाय वेल कुटायची नाही.

झाडातलं औषध पारखायचं कसं, ते अडुळशाकडे बघून कळेल. खोकल्याला त्याचा रस देत आलेत, पिढ्यान् पिढ्या. शास्त्रज्ञांनी त्यातलं वासिसिन वेगळं काढलं, त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन घडवलं, माणसांवर तपासलं, किती द्यायचं ते ठरवलं. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी औषधांत ते असतं. जा, फडताळातली खोकल्याची बाटली आणा. त्यावर ते नाव आहे का, शोधू.