गंडीपेटचं पाणी आणि चौऱ्याऐंशी गावं

हैदराबादेत एक जुनं बोलणं आहे: ज्यानं गंडीपेटचं पाणी प्यायलं, तो हे शहर सोडून जात नाही. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा नांदेड, लातूर, उस्मानाबादकडून इथं आले आणि इथलेच झाले, म्हणजे यात तथ्य असावं. आपली पिढी मात्र गंडीपेटला जाते ती रविवारी फिरायला, व्हिसासाठी चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालायला, नाहीतर प्लॉट बघायला. त्या बाजूच्या जमिनीचं पुढं काय होणार, याच्याशी काचीगुड्यात राहणाऱ्यांचा थेट संबंध आहे. तो कसा, ते समजून घेऊ.

तलाव कशासाठी बांधले?

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मूसीला महापूर आला. त्यात सुमारे पंधरा हजार माणसं गेली असं मानलं जातं. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात इंजिनियरिंग शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे तेच विश्वेश्वरय्या. शहराच्या वरच्या अंगाला मूसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर धरणं बांधून पूर तिथंच अडवावा, असं त्यांनी सुचवलं. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट, आणि १९२७ मध्ये हिमायतसागर तयार झाला. पिण्याचं पाणीही मिळालं, पण पहिलं काम पूर अडवण्याचं होतं.

आदेश क्रमांक १११

८ मार्च १९९६ रोजी तेव्हाच्या आंध्र सरकारनं शासकीय आदेश १११ काढला. दोन्ही तलावांच्या दहा किलोमीटर परिसरातली ८४ गावं, सुमारे १ लाख ३२ हजार एकर जमीन, त्याखाली आली. प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेलं, वसाहती बंद. ९० टक्के क्षेत्र संवर्धन आणि मनोरंजनासाठी राखायचं, त्यातच शेतीही आली. ले-आउट पाडलाच, तर ६० टक्के जागा मोकळी जागा आणि रस्त्यांसाठी सोडायची. २००० मध्ये हिमायतसागरजवळच्या एका तेल कारखान्याला दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयानंही टिकू दिली नाही.

कागदावर उत्तम नियोजन. अडचण एकच होती: शहराच्या पाण्यासाठी बंधनं आली गावांवर, आणि त्याचा मोबदला मात्र कुणी ठरवला नाही. गंडीपेटला लागून असलेल्या कोकापेटमध्ये २०२३ च्या लिलावात एकरी भाव १०० कोटींच्या वर गेला. थोड्या अंतरावरच्या मोईनाबाद किंवा शंकरपल्लीच्या शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे, तर ‘१११ मधली जमीन’ म्हणून भाव पडतो. उलट पैसेवाल्यांची फार्महाऊसं आणि लग्नाचे हॉल त्याच पट्ट्यात उभे राहिले. नियम पाळणाऱ्याचं नुकसान आणि मोडणाऱ्याची चांदी, असं झालं की गावकऱ्यांनी नियम रद्द करा म्हणावं यात नवल नाही.

सव्वा टक्क्याचा हिशेब

१२ एप्रिल २०२२ रोजी तेलंगणा सरकारनं आदेश ६९ काढून ही बंधनं उठवली. पाण्याच्या गुणवत्तेला धक्का लागू नये, अशी अट घातली आणि पुढचे नियम ठरवायला समिती नेमली. कारण दिलं ते असं: १९९६ मध्ये शहराची चौथ्या हिश्श्याहून अधिक गरज हे तलाव भागवत, आता सव्वा टक्काही नाही. आज आपण पितो ते बहुतांश कृष्णा, गोदावरी, मांजराचं पाणी. नद्या आपल्या महाराष्ट्रात उगम पावणाऱ्या, याचं बरं वाटतं. पण कृष्णा-गोदावरीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणावं लागतं. गंडीपेटचं उतारानं आपोआप येई.

या हिशेबात पुराचा रकाना राहून गेला. मोकळ्या जमिनीवर पडलेला पाऊस बराचसा मुरतो, उरलेला सावकाश तलावात येतो. तिथं काँक्रीट झालं की तोच पाऊस काही तासांत धावत येतो आणि दरवाजे उघडावे लागतात. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस दरवाजे उघडल्यावर इमलीबनच्या बसस्थानकात पाणी शिरलं, हे आपण पाहिलंच. वरची जमीन बदलली की खाली चादरघाट, मूसारामबाग भिजणार, काचीगुड्याच्या अगदी शेजारी.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो इतरत्र चालतो. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरांच्या बाजूनं येतं. शुद्धीकरणाचा अवाढव्य प्रकल्प टाळण्यासाठी १९९७ मध्ये शहरानं वरच्या गावांशी करार केला. विकायला तयार असणाऱ्यांचीच जमीन घ्यायची, शेतकऱ्यांच्या आणि सांडपाण्याच्या सुधारणांचा खर्च शहरानं करायचा. शहराच्या बऱ्याच जमिनीवर मासेमारी आणि भटकंतीलाही परवानगी आहे.

आपल्याकडचं उदाहरण साताऱ्याजवळच्या कास पठाराचं. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर गर्दी लोटली, फुलं पायदळी जाऊ लागली. तिथं वनविभागानं आसपासच्या गावांच्या समित्यांना सोबत घेऊन शुल्क, आधी नोंदणी आणि रोजच्या पर्यटकांची मर्यादा आणली. फुलं राखण्यात गावाचाही फायदा दिसू लागला.

दोन्हीकडचा धडा एकच: जमीन राखणाऱ्याला राखण्याचा पैसा मिळाला पाहिजे. ८४ गावांसाठी हे पाणीपट्टीतला ठराविक वाटा देऊन करता येईल, किंवा बांधकामाचा हक्क शहरात इतरत्र विकू देऊन. तलावाची हद्द, ओढे आणि चिलकूरच्या मृगवनीसारखी वनं यांना हात लावायचा नाही. फिरायच्या जागा गावांनी चालवायच्या. घरं गावठाणाजवळ, सांडपाण्याची सोय आधी करूनच.

आपण काय करायचं?

‘१११ उठलं, आता घ्या’ म्हणून एजंटचा फोन येईल, तेव्हा गजाचा भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती एफटीएलची रेघ आणि तिच्यापुढचा बफर नकाशावर कुठं आहे? ले-आउटला एचएमडीएची मंजुरी आहे का? सांडपाणी कुठं जाणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘ओढ्यात’ असेल, तर तो ओढा तलावाला मिळतो आणि तलावातून पाणी मूसीवाटे आपल्याकडंच येतं. घरात मोठी माणसं प्लॉटचा विषय काढतील तेव्हा हे प्रश्न आपण, म्हणजे नकाशे मोबाइलवर उघडता येणाऱ्या पिढीनं, जरूर विचारावेत.