समाज कसा बदलतो, हे शिकवावे कसे?

‘काळ बदलला’ हे उद्गार ज्या घरात ऐकू येत नाहीत असे घर सापडणे कठीण. परंतु काळ कशाने बदलला, असे कोणी विचारले म्हणजे उत्तरे निरनिराळी मिळतात. व्यापारी पैशाकडे बोट दाखवितो, वकील कायद्याकडे, शिक्षक शाळेकडे. आणि घरातील वृद्ध माणसे म्हणतात, माणसांची मनेच बदलली. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो. हे अंश एकत्र जुळविण्याची विद्या मात्र फारच थोड्यांना अवगत असते.

ही विद्या पदवीच्या विद्यार्थ्यांस लाभावी, या हेतूने अनेक विद्यापीठे समाजपरिवर्तनाच्या अभ्यासाचे छोटे प्रमाणपत्र देतात. विद्यार्थ्याचा मुख्य विषय कोणताही असो. त्याच्या जोडीला त्याने इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, साहित्य यांपैकी काही विषय घ्यावेत आणि अखेरीस एका प्रत्यक्ष प्रश्नाची पाहणी करून निबंध लिहावा, अशी या अभ्यासक्रमांची साधारण रचना असते. भारतातही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनेक विद्यांच्या अशा एकत्र अभ्यासावर भर दिला आहे. यावर सुज्ञ पालकांच्या मनात शंका येते की, ही निव्वळ खिचडी तर नव्हे? या शंकेचे उत्तर एका गावाच्या उदाहरणाने देता येईल.

पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या परिसरात, पिंपळे सौदागर नावाचे गाव आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाची कसून पाहणी केली, व तिचा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माती आणि पाणी तपासणे हा त्यांचा व्यवसाय. परंतु शेतकरी दरिद्री का, हे केवळ माती तपासून कळेना, तेव्हा त्यांनी जमिनीचे जुने कागद पाहिले, कर्जाची चौकशी केली, घरोघरचा जमाखर्च मांडला. त्यातून जो आकडा पुढे आला तो पुढे सर्वत्र प्रसिद्धी पावला. १७७१ साली त्या गावी एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती अवघी ७ एकर उरली होती. आणि ते ७ एकर तरी एका ठिकाणी कोठे होते? एक पट्टी ओढ्याकाठी, दुसरी माळावर, तिसरी भावाच्या शेतापलीकडे, अशी त्यांची विखुरलेली स्थिती होती.

हा आकडा सांगण्यास सोपा, पण त्याचा अर्थ लावणे अवघड. पेशवाईतील स्थिती समजण्यास मोडी लिपीतील दप्तर वाचता आले पाहिजे. हे इतिहासाचे काम. वाटण्या का होतात, हे वारसाच्या कायद्यावाचून कळत नाही. सरासरी म्हणजे काय, आणि तिच्या आड श्रीमंत व भूमिहीन कसे दडतात, हे संख्याशास्त्र सांगते. गावाजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होता. कारखान्यातील मजुरीने शेतकऱ्याच्या संसारात काय फरक पडतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न.

येथे एक दुसरा अभ्यासक पुढे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबरच समाजशास्त्र, इतिहास व मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन केले होते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात, बैल, अवजारे व भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण कसे आहे यावर ते ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसरा उद्योग नाही म्हणून सारा भार जमिनीवर पडतो. तेव्हा उद्योगधंदे वाढविणे हाच खरा उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा मतभेद पंडितांच्या बैठकीपुरता राहिला नाही. रोगाचे निदान जसे असेल तसे औषध ठरते. दोष वाटणीच्या रूढीत आहे असे मानले, तर वाटणीस आळा घालणारा कायदा करावा असे वाटते. तसे विधेयक १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात आले, तेव्हा थोडे लोक मालक व पुष्कळ लोक भूमिहीन होतील, या भीतीने आंबेडकरांनी त्यास विरोध केला. अखेर १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला आणि प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास बंदी आली. कागदावर वाटणी थांबली, पण सातबाऱ्यावर भावांची नावे सामाईक आणि शेतात मात्र बांध निराळे, हा प्रकार खेड्यापाड्यांतून चालूच राहिला. ज्याने केवळ कायदा वाचला त्याला हा बांध दिसणार नाही; ज्याने केवळ बांध पाहिला त्याला कायदा कळणार नाही.

याहून सूक्ष्म गोष्ट मुलींच्या वाट्याची आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीस बापाच्या मालमत्तेत वारसा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हिस्सा दिला. आज पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला वाटेल, प्रश्न मिटला. परंतु तो तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन फेरफार पाहील, तर बहिणींच्या सहीची हक्कसोडपत्रे त्याच्या दृष्टीस पडतील. सही राजीखुशीची आहे, असेच प्रत्येक कागद म्हणतो. ती खरोखर राजीखुशीची होती, की हिस्सा मागितला तर भाऊबीजेला माहेरचे दार बंद होईल या धास्तीची होती, हे कागद सांगत नाही. त्यासाठी त्या बहिणीजवळ बसून तिचे ऐकावे लागते. आणि कसे ऐकावे, हे साहित्य व समाजशास्त्र शिकविते.

ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जेथे एकरांचा हिशेब होत होता तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि जागा चौरस फुटांनी मोजली जाते. उद्योग आल्यावर जमिनीवरील भार हलका होतो, हे आंबेडकरांचे म्हणणे तपासण्यास याहून सोयीचे ठिकाण कोणते? पण त्याबरोबर हेही विचारले पाहिजे की, जमिनीचे मोल वाढले तेव्हा ते कोणाच्या पदरात पडले: खातेदाराच्या, कुळाच्या, की शेतमजुराच्या? आणि बहिणीच्या हक्कसोडीवरील सहीची किंमत त्या दिवशी काय झाली?

अशा प्रमाणपत्राने विद्यार्थ्यास नोकरी मिळेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. ते मुख्य पदवीची जागाही घेत नाही. एका विषयात खोल उतरलेल्या विद्यार्थ्यालाच दुसऱ्या विषयाच्या दारी आदराने उभे राहता येते. सर्वच विषय वरवर चाळणाऱ्याची मात्र खरोखर खिचडी होते. परंतु उद्या हेच तरुण अधिकारी, वकील, अभियंते व संपादक होणार आहेत. त्यांच्या सहीने कोणाचे शेत जाईल, कोणाला रस्ता मिळेल. आपल्या विद्येला समाजाचा किती भाग दिसतो आणि किती दिसत नाही, एवढे जरी त्यांना ही सही करण्यापूर्वी उमगले, तरी त्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.