ओला माल वर ठेवा

हलाल म्हटलं की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे खाटकाचं दुकान येतं. ताटात काय वाढलं याचीच चौकशी होते. ते ताट ज्या पैशातून भरलं तो कुठून आला, ही चौकशी इस्लामी धर्मशास्त्रात त्याहून कितीतरी लांबलचक आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’ या ग्रंथात कमाईवर एक आणि हलाल-हरामावर एक असे दोन स्वतंत्र भाग लिहिले. इमाम अबू हनीफा तर स्वतः कुफा शहरातले कापडाचे व्यापारी. भाव, वजन आणि उधारी रोज पाहणाऱ्यांनी हे शास्त्र घडवलं. त्यामुळे ते बाजाराच्या गावात नेऊन पाहिलं तर लवकर उमगतं.

वसई तालुक्यातलं आगाशी हे तसं गाव. गुजरातच्या सुलतानाच्या अमलात इथे जहाजं बांधली जात, इमारती लाकडाचा मोठा व्यापार चाले. १५३०च्या सुमारास पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं आणि १५३४च्या तहाने सगळी वसईच त्यांच्याकडे गेली. शेजारच्या सोपाऱ्याची नोंद अरब प्रवासी अल-मसूदीने दहाव्या शतकात केली आहे. अरब व्यापाऱ्यांबरोबर या किनाऱ्यावर इस्लामी धर्मशास्त्राचा शाफई पंथ आला. कोकणी मुसलमान आजही बहुतांशी शाफईच आहेत. बंदराचे दिवस गेले. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या राहिल्या, आणि पलीकडे अर्नाळ्याची मासळी.

आगाशीची सुकेळी जुन्या गॅझेटियरपासून नावाजलेली आहेत. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आता समजा, एकाने झाडावरचा घड दाखवून दुसऱ्याकडून तयार सुकेळी मागितली, तर तो सौदा चालेल का? मदिनेत हाच प्रश्न खजुराबद्दल आला होता. पैगंबरांनी विचारलं, ताजा खजूर वाळल्यावर घटतो का? घटतो, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी ती अदलाबदल नाकारली. शाफई मतात खाण्याच्या प्रत्येक जिनसाला हे लागू होतं, म्हणजे केळ्यालाही. किती घटेल हे कुणालाच ठाऊक नसताना अंदाजाने देवघेव झाली, तर एकाचा तोटा ठरलेलाच.

झाडावरच्या फळाचंही तसंच. कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग मक्त्याने घेणारे व्यापारी आहेत. फळ धरून त्याचा भरवसा वाटण्याआधी ते विकू नये, असं हदीस सांगते. कारणही त्यातच दिलं आहे: देवाने पीकच दिलं नाही, तर आपल्या भावाचे पैसे कुठल्या हक्काने घेणार? पाण्यातली मासळी पकडण्याआधी विकायला मनाई आहे, तीही याच कारणाने. मात्र शेतकऱ्याला हंगामाआधी पैसा लागतोच, हे या शास्त्राला कळत होतं. त्यासाठी ‘सलम’ नावाचा करार ठेवला. पूर्ण रक्कम आगाऊ, आणि मालाची जात, वजन, मुदत आधीच पक्की. माल अमुकच वाडीतला हवा अशी अट मात्र घालता येत नाही. ती वाडी वादळात गेली तर काय, याचा विचार त्यामागे आहे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती धान्याच्या ढिगाची हकीकत. बाजारातल्या एका ढिगात पैगंबरांनी हात घातला, बोटांना ओल लागली. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणारा आपला नव्हे असं बजावलं. सुक्या बोंबलाची टोपली घेताना वरचे चार लखलखीत बोंबील बाजूला सारून तळाचे चाचपणारी बाई हेच करत असते. भिजलेला माल विकायला बंदी नाही. तो लपवायला आहे.

काही धंदे मात्र मुळातच बंद. जुगार बंद. दारूच्या बाबतीत तर गाळणारा, वाहून नेणारा आणि विकणारा सगळेच दोषी. ताडा-माडांच्या या मुलखात हलाल-हरामाची रेघ ताजी नीरा आणि आंबलेली ताडी यांच्यामध्ये पडते. आणि ती पाळणं सोपं नव्हतं, हे इतिहास दाखवतो. एकोणिसाव्या शतकात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या चीनच्या व्यापारात कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोघे भागीदार होते, आणि त्या व्यापारात अफू होती.

व्याजाचा प्रश्न सर्वांत अवघड. कुराणाने व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरवलं. व्यापारात तोटा दोघांच्याही वाट्याला येऊ शकतो, व्याजात तो एकट्या ऋणकोच्या. सावकारी पाशाचं दुःख काही एका धर्माचं नव्हे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ मध्ये बसीन कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. तिने वाट निवडली सहकाराची, व्याज राहिलं. बिनव्याजी वाट शोधणाऱ्यांना भारतात फारसा आधार मिळाला नाही. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने विषय बाजूला ठेवला. दरम्यान २०१६ मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीत तसा प्रयोग केला, आणि मुंबई शेअर बाजारात २०१० मध्ये शरियतला धरून निवडलेल्या ५० कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला होता. पण नोकरदाराचा पगार बँकेतच जमा होतो. खात्यावर आलेलं व्याज स्वतः न वापरता, पुण्याची अपेक्षा न ठेवता गरिबाला द्यावं, असं अनेक उलेमा सांगतात. ही तडजोड प्रामाणिक आहे, असं मी मानतो.

अप्रामाणिक आहे ते हलालच्या नावावर गोळा केलेलं भांडवल. बंगळुरूची ‘आयएमए’ ही गुंतवणूक कंपनी २०१९ मध्ये बुडाली तेव्हा व्याज नको म्हणून तिथे पुंजी ठेवणारी हजारो साधी कुटुंबं रस्त्यावर आली. पाटी हलालची होती आणि ढिगाच्या आत ओल होती.

आगाशीपासून काही मैलांवर नालासोपाऱ्यात तेच घडलं, तिथे धर्माची पाटीसुद्धा नव्हती. सांडपाणी प्रकल्पासारख्या सार्वजनिक कामांसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उठल्या, त्यातली घरं विकली गेली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. घर घेणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. जागा राखीव आहे हे विकणाऱ्याने सौद्याच्या वेळी सांगायला हवं होतं. शरियतच्या हिशेबाने दोष लपवून घेतलेली ती किंमत आजही घर घेणाऱ्याचीच आहे, आणि ती परत केल्याशिवाय नुसत्या तौबेने, म्हणजे पश्चात्तापाने, विकणाऱ्याची सुटका नाही.