वादातला ऊस आणि कोर्टाचा रिसीव्हर

दर गळिताला शेतकी खात्याकडे एक तंटा हमखास येतो. जमीन वडिलार्जित. एक भाऊ गावी ऊस लावतो, दुसरा पुण्यात कर्वेनगरला स्थायिक. (कर्वेनगर तरी काय, जुने हिंगणे बुद्रुकच, 1900 साली अण्णासाहेब कर्व्यांनी आश्रम तिथे नेला.) वाटपाचा दावा लागतो आणि ऊसबिल कुणाच्या नावे काढायचे यावर दोघे हातघाईवर येतात. ऊस काही कोर्टाच्या तारखेला थांबत नाही. पक्व झाल्यावर उभा राहिला की वजन घटते, उताराही पडतो.

अशा वेळी दिवाणी कोर्ट रिसीव्हर नेमू शकते. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 40 त्यासाठीच आहे. रिसीव्हर ना थोरल्याचा ना धाकट्याचा, तो कोर्टाचा माणूस. मिळकत सांभाळायची, उत्पन्न गोळा करायचे, हिशेब कोर्टात द्यायचा. कोर्ट मागेल ते तारण द्यावे लागते, आणि घोर हयगयीने नुकसान केले तर भरपाई त्याच्याच डोक्यावर.

पण नुसता दावा लावला म्हणून रिसीव्हर मिळत नाही. पिकाची नासाडी होते आहे, पैसा हातचा जातो आहे, हे दाखवावे लागते. शिवाय त्याचा मेहनताना बहुधा मिळकतीतूनच जातो. दोन एकरांच्या उसाला तो कसा परवडावा? त्यापेक्षा कसणाऱ्या भावालाच तारण व हिशेबाच्या अटीवर रिसीव्हर नेमा, अशी मागणी करता येते. आम्हांला ती वाट बरी वाटते. खोडव्याला पाणी तरी वेळेवर मिळते.

हुकूम झाला असेल तर त्याची नक्कल तोडणीआधी गट ऑफिसात आणून द्यावी.